चौल-रेवदंड्याच्या आडवाटा: बागायतीत दडलेले शहर पायी कसे शोधावे

अलिबागहून मुरूडकडे जाणारी एस.टी. रेवदंड्यात शिरताना पोर्तुगीजांच्या तटातून आत येते आणि गावातून पुढे खाडीपुलाकडे निघून जाते. पण खिडकीशी बसलेल्या प्रवाशांपैकी फारच थोड्यांना आपण आत्ता एका तटबंद शहरातून गेलो याचा पत्ता असतो. त्याआधी चौल लागते, तिथे तर तटही दिसत नाही. दोन्ही हातांना नारळी-पोफळीच्या वाड्या, दगडी गडगे, ‘घरगुती जेवण मिळेल’ असे फलक आणि मधूनच एखादे कौलारू घर, एवढेच दिसते. हेच ते चौल, ज्याचा उल्लेख ग्रीक भूगोलकार टॉलेमीने दुसऱ्या शतकात ‘सिमुल्ला’ म्हणून केला आणि अरब प्रवासी ज्याला ‘सैमूर’ म्हणत. दहाव्या शतकाच्या आरंभी अल-मसुदी हा अरब प्रवासी येथे येऊन गेला. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी याच बंदरात उतरला. १५०८ मध्ये पोर्तुगीज आणि इजिप्तचे आरमार याच खाडीच्या तोंडाशी झुंजले. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी रेवदंड्याच्या किल्ल्याचे काम हाती घेतले, १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने त्याला वेढा घातला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला. पुढे मुंबई बंदर वाढत गेले तशी ही पेठ ओसरली. चौलचे जुने नाव चेऊल; मुंबईत काळबादेवीच्या बाजूला असलेली चेऊलवाडी ते नाव अजून बाळगून आहे.

शहर उठून गेले तरी त्याचे रस्ते बहुधा जागेवरच राहतात, कारण विहिरीकडून देवळाकडे आणि देवळाकडून बंदराकडे जाणारी वाट एखादे घर पडले म्हणून बदलत नाही. चौलमध्ये हे रस्ते आज वाड्यांमधल्या बोळांच्या आणि पायवाटांच्या रूपाने शिल्लक आहेत. पर्यटकांच्या यादीतील चार ठिकाणे गाडीने पाहून परतणाऱ्याला त्यांतली एकही वाट भेटत नाही. त्या स्वतः कशा शोधाव्यात, याची मी गेली काही वर्षे वापरत असलेली पद्धत येथे क्रमाने मांडतो आहे. उदाहरण चौल-रेवदंड्याचे घेतले असले तरी राजापूर, दाभोळ किंवा वेंगुर्ल्यासारख्या कोणत्याही जुन्या बंदरात ती थोड्या फरकाने लागू पडते.

आधी कागदावर

पहिले दोन-तीन तास घरीच घालवावेत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर मालिकेतील कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याचा खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला असून त्यात चौलचे वर्णन सविस्तर आहे. त्याआधी १८७६ मध्ये जे. गेर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसई यांच्या इतिहासावर व अवशेषांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. दोन्ही इंग्रजीत आहेत आणि दोन्ही संगणकावर विनामूल्य वाचता येतात. मात्र ही पुस्तके इतिहासासाठी वाचत बसू नये, त्यात दिवस जातो. वही घेऊन फक्त जागांची नावे उतरवून काढावीत: कोणते तळे, कोणता दरवाजा, कोणती मशीद, कोणत्या टेकडीवरचे कोणते देऊळ, आणि कशापासून कोणत्या दिशेला. अंतरे मैलांत दिलेली असतात, ती तेव्हाच किलोमीटरमध्ये करून ठेवावीत. ही यादी तीस-चाळीस नावांची होते आणि तिच्यातली निम्मी नावे गावात आजही कोणाला तरी ठाऊक असतात.

दुसरा कागद म्हणजे गाव नकाशा. राज्याच्या महाभूमी संकेतस्थळावरील भूनकाशा विभागात जिल्हा, तालुका आणि गाव निवडून गटांच्या हद्दी पाहता येतात, आणि भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची प्रतही मिळते. जुन्या गाव नकाशावर पायवाट एका तुटक रेषेने आणि गाडीवाट दोन समांतर तुटक रेषांनी दाखवलेली असते. ती रेषा जिथे सुरू होते आणि जिथे संपते ती दोन टोके आपल्या यादीतील नावांशी जुळवून पाहावीत. एक टोक तळ्याशी आणि दुसरे खाडीशी पोचत असेल तर ती वाट पायाखाली घालण्याजोगी आहे असे समजावे. मात्र नकाशावर रेषा आहे म्हणून तिच्यावरून जाण्याची परवानगी मिळाली असे कोणीही धरू नये. तो विषय पुढे येईलच.

उपग्रहाचे छायाचित्र पाहताना येथे एक अडचण येते. माडांच्या झावळ्यांनी सगळे झाकलेले असल्यामुळे बोळ दिसतच नाहीत, नुसते हिरवे दिसते. अशा वेळी वाट न शोधता जमिनीच्या तुकड्यांचे आकार पाहावेत. वाड्या बहुधा लांबट पट्ट्यांच्या असतात आणि प्रत्येक पट्टीची हद्द आपापल्या ठिकाणी तुटते. पण एखादी रेषा पाच-सहा वाड्यांच्या कडेने न तुटता सरळ पुढे जाताना दिसली, तर तिच्या खाली बोळ असण्याची शक्यता फार. तसेच हिरव्यातला काळसर चौकोन म्हणजे बहुधा तळे किंवा पुष्करणी. हे चौकोन आणि या रेषा कागदावर पेन्सिलीने जोडल्या की पहिल्या दिवसापुरता आराखडा तयार होतो. फोनमध्ये ऑफलाइन चालणारा नकाशा उतरवून घ्यावा, कारण वाडीच्या आत रेंज कधी जाईल याचा भरवसा नसतो.

तिथी, भरती आणि दिवस निवडणे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात बोळांत पाणी साचते, जांभ्या दगडाच्या पायऱ्या शेवाळतात, आणि गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच बंद असतात. मे महिन्यात चालता येते, पण सकाळी नऊनंतर दमटपणाने जीव नकोसा होतो. मार्गशीर्ष पौर्णिमेपासून चौलच्या दत्ताची मोठी जत्रा पाच दिवस भरते. तेव्हा जत्रा पाहावी, वाटा शोधण्याचा बेत दुसऱ्या आठवड्यावर ढकलावा.

किनाऱ्याची बाजू चालायची असेल तर भरतीची वेळ काढता आली पाहिजे. तक्ते मिळतात, तरी कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाणाऱ्या अलिबागकरांचा हिशेब शिकून ठेवावा, कारण तो तोंडी होतो. पंधरवड्यातील तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा ठोकळ तास मिळतो. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास, आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, त्यातूनच हा पाऊणपटीचा हिशेब आला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते आणि पाणी फार वर चढते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती सौम्य. रेवदंड्याच्या समुद्राकडील तटाखालून चालायचे तर ओहोटी सुरू होऊन दोन तास झाल्यावर निघावे आणि पाणी पालटल्यावर तासाभरात पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, परत यावे.

हे मी शिकलो ते चुकून. एकदा दिनदर्शिकेत पाहताना पंचमी असताना षष्ठी धरली, म्हणजे भरती पावणेचारऐवजी साडेचारची समजलो, आणि दुपारी दीडला जेवण उरकून तटाच्या कडेने निघालो. चूक पाऊण तासाचीच होती, पण भरतीच्या मधल्या दोन तासांत पाणी सर्वांत वेगाने चढते हे मला ठाऊक नव्हते. मागे वळलो तेव्हा आलेली वाट पाण्याखाली होती. ढासळलेल्या बांधकामाच्या एका ढिगावर चढून पाणी उतरेपर्यंत बसून राहिलो. खाली लाटा दगडांच्या फटींत शिरून बाहेर येताना जो आवाज करत होत्या तो पहिला तासभर ऐकायला बरा वाटला, नंतर नाही. संध्याकाळची गाडीही चुकली. तेव्हापासून तिथी मी आदल्या रात्री वहीत लिहितो आणि तिच्यापुढे ती किती वाजता संपते तेही लिहितो.

वाट ओळखण्याच्या खुणा

गावात पोचल्यावर लगेच आडवाटेला लागू नये. आधी मुख्य रस्त्याने एकदा सरळ चालावे आणि दोन्ही बाजूंना फुटणारा प्रत्येक बोळ मोजावा. चौल नाक्यापासून रेवदंड्यापर्यंतच्या पट्ट्यात असे बोळ पुष्कळ आहेत. सगळे जुने नसतात. काही गेल्या वीस वर्षांत प्लॉट पाडताना काढलेले असतात. त्यांतला जुना कोणता हे ओळखायला पुढील खुणा उपयोगी पडतात.

सर्वांत भरवशाची खूण म्हणजे खोली. जुनी वाट दोन्ही बाजूंच्या वाड्यांपेक्षा खाली असते, कधी घोट्याइतकी तर कधी कमरेइतकी. शेकडो वर्षे पाय आणि बैलगाड्या जाऊन, आणि दर पावसात तिच्यावरूनच पाणी वाहून, वाट झिजत जाते. उलट वाडीत दरवर्षी माती, शेणखत आणि पालापाचोळा पडून जमीन वर येते. त्यामुळे बोळात उभे राहिल्यावर गडग्याच्या पलीकडील पोफळीचे बुंधे आपल्या पायांच्या पातळीपेक्षा वर सुरू होत असतील, तर तो बोळ नवा नाही. नवा रस्ता भराव टाकून केलेला असतो, म्हणून तो वाडीपेक्षा उंच असतो.

दुसरी खूण गडग्यातली. नेहमीचा गडगा जसा मिळेल तशा दगडाने रचलेला असतो. पण त्यात मधेच एखादा घडीव काळा दगड दिसला, एका बाजूला नक्षीची पट्टी किंवा कडेला खाच असलेला, तर जवळपास कुठेतरी मोठी इमारत होती आणि तिचे दगड वाहून आणण्याइतका हा बोळ तेव्हाही चालता होता असे समजावे. चौलमध्ये असे दगड घरांच्या पायऱ्यांत, विहिरींच्या काठांत, कपडे धुण्याच्या जागी सर्वत्र आहेत. एका विहिरीवर मी कपडे आपटण्यासाठी ठेवलेला दगड निरखून पाहिला तर त्याच्या खालच्या अंगाला अर्धे कमळ होते. वापरणाऱ्या बाईंना ते माहीत होते, आणि दगड हलत नाही म्हणून तो उत्तम आहे एवढेच त्यांनी सांगितले.

तिसरी खूण पाण्याची. पायऱ्यांच्या पुष्करणीला पायऱ्या किती बाजूंनी आहेत ते पाहावे. एकाच बाजूला असतील तर ती एका वाड्याची किंवा देवळाची. चारही बाजूंना असतील तर चारही दिशांनी लोक येत होते, आणि म्हणून प्रत्येक बाजूच्या वरच्या पायरीपाशी उभे राहून समोर वाटेचा माग पाहावा. यांतली एखादी वाट आता कुंपणाने बंद झालेली असते, पण कुंपणापलीकडे तीच ओळ पुढे चालू राहिलेली दिसते.

झाडे आणि शिळा यांबद्दल थोडक्यात सांगतो. पार बांधलेला वड-पिंपळ म्हणजे बहुधा तिठा. गोरखचिंच दिसली तर थांबावे. आफ्रिकेतून आलेले हे झाड कोकणात जुन्या बंदरांच्या आसपास आढळते, कारण ते समुद्री व्यापाराबरोबर इकडे पोचले असे मानतात. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराची स्मारकशिळा) आणि गधेगळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारी शिळा) सहसा वेशीवर किंवा वाटेच्या कडेला उभे असतात. अलिबागहून येताना आक्षीला शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला जाणारा मराठी शिलालेख आहे. तो आधी पाहून घेतला म्हणजे अशा शिळा कशा दिसतात याची नजर बसते आणि पुढे झुडपातली शिळा सुटत नाही.

खापरांचे तुकडे पायाखाली येतील. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी चौलमध्ये उत्खनन केलेले आहे, आणि परदेशी मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडणे हा येथील व्यापाराचा एक महत्त्वाचा पुरावा मानला जातो. तुकडा पाहावा, हवे तर फोटो काढावा, आणि होता तिथेच ठेवावा. जागेवरून उचललेला तुकडा कोणालाच काही सांगत नाही.

काय विचारावे

खरी माहिती माणसांकडूनच मिळते, आणि तिथेच बहुतेक जण चुकतात. “इथे बघण्यासारखे काय आहे?” असा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेले असते. पहिल्या वर्षी मीही तोच विचारत असे. एका ओटीवर झावळीचे हीर काढत बसलेल्या आजींना विचारले तेव्हा हातातली सुरी न थांबवता त्या म्हणाल्या, “काय असायचंय बाबा, दत्ताला जा, नाहीतर किल्ल्यात.” मी निघालो, आणि निघता निघता सहज विचारले, “आजी, तुम्ही लहानपणी शाळेत कुठून जात होता?” तेव्हा मात्र सुरी थांबली. “आम्ही होय? तळ्याच्या कडेने, मग चिंचेखालून बामणाच्या वाडीतनं. पावसात नाही हां, पावसात वरच्या बांधाने. आणि उशीर झाला तर मशिदीमागनं.” एका दमात तीन वाटा, त्यांतली एक फक्त पावसाळ्याची. तीनपैकी दोन मला त्याच दिवशी सापडल्या.

म्हणून रस्ता न विचारता काम विचारावे. पाणी कुठून आणत होता, दळण कुठे न्यायचात, लग्नाची वरात कोणत्या बाजूने येत असे, मयत कुठून नेतात, ग्रामदेवतेची पालखी कोणत्या घरापाशी थांबते आणि तिथून कुठे वळते, असे प्रश्न विचारले की वाट आपोआप उत्तरात येते. पालखीचा मार्ग विशेष जपून विचारावा, कारण मोठा रस्ता झाला, घरे हलली तरी पालखी जुन्याच ओळीने जाते आणि एखाद्याच्या अंगणातून जायचे असले तरी जाते. जुन्या शहराचा मुख्य रस्ता कोणता, हे तिच्याइतके स्पष्ट दुसरे काही दाखवत नाही.

थेरोंडा किंवा आग्रावकडून मासळी घेऊन येणाऱ्या बायकांना विचारावे, मात्र विक्री उरकल्यानंतर. पाटी डोक्यावर असताना कोणालाही थांबवू नये. ओझे घेऊन चालणारे माणूस विनाकारण फेरा घालत नाही, त्यामुळे त्यांनी सांगितलेली वाट जवळची असते यात शंका नाही. “मावशी, रिकामी पाटी घेऊन परत जाताना कुठून जाता?” असा प्रश्न त्याहून चांगला, कारण परतीला त्या सावलीच्या वाटेने जातात.

नावे त्यांच्याच तोंडून जशी येतील तशी लिहावीत, शुद्ध करू नयेत. आळी, पाखाडी, मळा, भाट, खार, कोट, बंदर यांपैकी काहीही नावाच्या शेवटी आले की ती जमीन पूर्वी काय होती हे कळते. आज पाण्यापासून दूर असलेल्या जागेला बंदर म्हणत असतील तर खाडी किती मागे हटली याचा अंदाज बांधता येतो.

वाडीत शिरण्याची रीत

यांतल्या बऱ्याच वाटा खाजगी वाडीतून जातात. गावच्या माणसांची तिथून वहिवाट असते, आपली नसते. म्हणून बेड्यापाशी, म्हणजे वाडीच्या फाटकापाशी, उभे राहून “घरात कोणी आहे का?” अशी हाक द्यावी, उत्तर येईपर्यंत थांबावे, आणि कोणीच नसेल तर परत फिरावे. परवानगी मिळाली तर बेडे जसे होते तसे मागे लावावे, कारण उघडे राहिले की गुरे आत शिरतात. वाडीला शिंपण चालू असेल तर मातीचे पाट ओलांडताना काठावर पाय देऊ नये, लांब ढांग टाकावी. काठ खचला तर पाणी भलत्याच आळ्यात जाते आणि मालकाची सकाळ वाया जाते. खाली पडलेली सुपारी किंवा नारळ उचलू नये. वर माडावर कोणी चढलेले असेल तर त्या बाजूला जाऊच नये, आणि एरवीही माडाखाली उभे राहून वही लिहीत बसू नये.

पायांत बूट असावेत. जांभ्याच्या गडग्यांत आणि पाचोळ्यात फुरसे असते, ते लहान असते आणि रंगाने दगडात मिसळून जाते. गडग्यावर हात टेकवून चढायची सवय मोडावी आणि पाचोळ्यात आधी काठी आपटावी. दोन लिटर पाणी, टोपी आणि सुटे पैसे एवढे पुरते.

एक सकाळ, उदाहरणादाखल

ही पद्धत वापरून मी जुळवलेली एक फेरी सांगतो. ती चार ते पाच तासांची आहे आणि ओहोटी सकाळी आठ-नऊला असेल अशा दिवशी, म्हणजे तृतीया-चतुर्थीला, चांगली जमते.

सकाळी सातला रेवदंड्यात उतरून तटाच्या खिंडारापाशी पाच मिनिटे नुसते उभे राहावे आणि भिंतीची जाडी पाहावी, म्हणजे आत काय प्रकारचे शहर होते याचा अंदाज येतो. तिथून सातखणी बुरुजाकडे जावे. माडांच्या वर डोके काढलेला हा मनोरा नावाने सात खणांचा असला तरी आज तितके खण उभे नाहीत. त्याच्याभोवती चर्च आणि इतर इमारतींचे अवशेष वाड्यांमध्ये विखुरले आहेत, आणि एका अवशेषाकडून दुसऱ्याकडे जाताना आपण ज्या सरळ बोळांतून जातो तेच पोर्तुगीज शहराचे रस्ते असावेत असे माझे मत आहे, कारण कोकणातली वाडीची वाट एरवी इतकी सरळ जात नाही. ओहोटी असेपर्यंत पुळणीवर उतरून तट बाहेरून पाहावा. समोर खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली आजही घरात बोलली जाते.

तटाच्या आत परत आल्यावर गावातून चालत बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, समाजाचे सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) पाहावे. ते १८४२ चे आहे. तेलाचा धंदा करणारे आणि शब्बाथला घाणा बंद ठेवणारे म्हणून या लोकांना या भागात ‘शनिवार तेली’ म्हणत. गावातल्या शाळेच्या आवारात निकितिनचे स्मारक आहे, मात्र शाळेच्या वेळात विचारूनच आत जावे.

येथून चौलकडे जाताना डांबरी रस्ता सोडावा. नेमका कोणता बोळ घ्यावा हे मी मुद्दाम लिहीत नाही. वर सांगितलेल्या खोलीच्या खुणेवरून तो ओळखता येतो, आणि दोनदा चुकल्याशिवाय ही फेरी पुरी झाली असे मी म्हणणार नाही. लक्ष्य रामेश्वराचे देऊळ ठेवावे. समोर पुष्करणी, आत पर्जन्यकुंड; पाऊस ओढ देतो तेव्हा हे कुंड उघडून पर्जन्याची प्रार्थना करण्याची येथील परंपरा आहे. पुष्करणीच्या काठावर बसून न्याहारी करावी आणि भोवतालच्या वाटा मोजाव्यात. इथून पुढे दोन पर्याय आहेत. राजकोट हा जुना कोट आणि हमामखाना, म्हणजे स्नानगृह, यांचे अवशेष पाहायचे तर विचारत विचारत जावे लागते आणि पाहण्यासारखे थोडेच उरले आहे. मला विचाराल तर पहिल्या खेपेस ते सोडून हिंगलाजदेवीच्या टेकडीकडे वळावे. वाटेत पायऱ्यांच्या जवळ कोरलेली लहान लेणी आहेत, बौद्ध काळातली, म्हणजे पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीची. वर पोचल्यावर खाली पाहिले की सगळे चौल एका सलग हिरव्या छपराखाली गेलेले दिसते आणि घरी पेन्सिलीने काढलेली एकही रेषा सापडत नाही.

ताकद उरली असेल तर भोवाळे तळ्यावरून दत्ताच्या टेकडीला जावे. नसेल तर चौल नाक्यावर येऊन अलिबागची गाडी पकडावी.

वाट पक्की करणे

एकदा चाललेली वाट सापडली असे समजू नये. ती उलट दिशेने पुन्हा चालून पाहावी, कारण तळ्याकडून समुद्राकडे जाताना जो फाटा नजरेत भरतो तो परत येताना गडग्याच्या आड जातो. दुसरी फेरी वेगळ्या ऋतूत करावी. नोव्हेंबरला कोरडा असलेला बोळ जुलैत ओढा होतो हे पाहिल्याशिवाय त्या आजींची ‘वरच्या बांधाची’ वाट का होती ते कळत नाही. प्रत्येक वळणावर पावले मोजून वहीत आकडा लिहावा. फोनवर मार्गाची नोंद ठेवावी, पण वाड्यांच्या दाटीत ती वीस-तीस मीटर इकडेतिकडे सरकते, आणि दोन समांतर बोळांमध्ये तेवढा फरक सहज असतो.

नोंद दुसऱ्यांना देताना सार्वजनिक वाट आणि खाजगी वाडीतली वाट वेगळ्या शाईने दाखवावी, आणि खाजगी भाग मालकाला विचारल्याशिवाय कोणालाही पाठवू नये. मी एकदा ही काळजी घेतली नव्हती. ओळखीच्या चौघांना नकाशा दिला, त्यांनी पुढे दिला, आणि महिन्याभराने एका वाडीच्या बेड्याला कुलूप दिसले. मालक काका मला ओळखत होते, रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “तुम्ही आलात तर हाक मारत होतात. ते हाक नाही मारत.” कुलूप अजून आहे. मी जातो तेव्हा गडग्याबाहेर उभा राहून हाक मारतो, आणि ते किल्ली घेऊन येईपर्यंत थांबतो.